‘नाहीं’ या शब्दाचा पुरावा : पानिपतची बातमी आणि भाऊसाहेबांचा तोतया

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगांव तालुक्यांतील साखरा या गांवीं जुन्या कागदांच्या शोधार्थ आम्ही गेलों होतों. ज्या घरीं कागद असल्याची वार्ता होती तेथील वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस ओसरीवर बसविलें, पाणी दिलें, आणि आम्हीं प्रश्न करण्यापूर्वींच सांगितलें कीं, आपलेकडे कांहीं नाहीं. दोनदां विचारलें; दोनदां तेंच उत्तर. दुसरे दिवशीं सकाळीं आम्ही निघण्याच्या तयारींत असतां तेच गृहस्थ बगलेंत एक रुमाल घेऊन आले. रुमालाची गांठ त्यांचे वडील वारल्यापासून सुटलेली नव्हती. ती वडिलांनीं स्वहस्तें मारलेली होती, एवढेंच त्यांनीं सांगितलें, आणि सोडण्याचें काम आमच्यावर टाकून ते आंत निघून गेले. आंत निघाल्या निजामी अमदानींतील शेतसाऱ्याच्या पावत्या. आम्हांस पाहिजे होतें त्यांतलें एक अक्षरहि त्यांत नव्हतें.

संग्राहक मंडळींस हा ‘नाहीं’ चांगला परिचयाचा आहे. कोणी जमिनीच्या तंट्याच्या भयानें नाहीं म्हणतो. कोणी पूर्वीं एका शोधकानें नेलेलें बाड परत आलें नाहीं म्हणून नाहीं म्हणतो (आणि त्यांत त्याचा कांहीं दोष नाहीं). परंतु साखऱ्याच्या गृहस्थांचा ‘नाहीं’ या दोन्ही जातींचा नव्हता. गांठ सोडली म्हणजे ती मारणारा हात पुन्हां नाहीं हें कबूल होतें, म्हणून रुमालच नाहीं असें म्हणावयाचें, अशी ती तऱ्हा होती. परतीच्या वाटेवर आम्हांस पार्वतीबाईंची आठवण झाली, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तेथें ठरला.

आम्ही या भागांत हिंडत होतों त्याचें कारणहि पानिपतच होतें. उदगीरची लढाई इ. स. १७६० च्या फेब्रुवारींत झाली. त्यानंतर उत्तरेच्या मोहिमेचा सरंजाम परतूर येथें सिद्ध झाला, व तेथून १४ मार्च १७६० रोजीं सदाशिवरावभाऊ निघाले. परतूर आज जालना जिल्ह्यांत असून साखऱ्याच्या पश्चिमेस आहे. ज्या फौजेची वाट पुढें सारा महाराष्ट्र पाहत बसला ती अशी मराठवाड्याच्या भूमीवरून गेली. आणि तिच्या नाशाची पहिली वार्ता ज्या पत्रानें दक्षिणेंत आणली तें पत्रहि, ग्रँट डफ याच्या म्हणण्याप्रमाणें, औरंगाबादच्या सावकारांस जावयाचें होतें. योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी ही गोष्ट नाहीं, असें आम्हांस वाटतें.

त्या काळीं बातमी कशी चालत असे हें थोडें ध्यानांत घ्यावें. सरकारी पत्रें जासूदांकडून जात. जासूद बहुधा जोडीनें धाडीत, म्हणजे एक पडला तर दुसरा पोंचावा. आणि महत्त्वाचा मजकूर असेल तर त्याच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या वाटांनीं जात. याखेरीज सावकारांची स्वतःची कासीदांची व्यवस्था होती. हुंडीचा भाव व पेढीची पत बातमीवर अवलंबून असल्यामुळें ती व्यवस्था सरकारीपेक्षां पुष्कळदां वेगवान असे. एकाच मुलखावर बातमीचीं अशीं दोन जाळीं पसरलेलीं होतीं.

इ. स. १७६० च्या ऑक्टोबरांत अब्दालीनें बागपताजवळ यमुना ओलांडली, आणि त्या क्षणापासून पहिलें जाळें तुटूं लागलें. भाऊसाहेब कुंजपुरा घेऊन पानिपतास येऊन बसले. शत्रु त्यांच्या व दिल्लीच्या मध्यें आला. पुढील सुमारें अडीच महिन्यांत मराठी छावणीचे नाके एकामागून एक बंद झाले. गोविंदपंत बुंदेले अंतर्वेदींतून अब्दालीची रसद मारीत होते. डिसेंबरांत ते स्वतःच मारले गेले. दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक टोळी रात्रीं वाट चुकून अफगाण छावणींतच शिरली आणि कापली गेली. अब्दालीनें भाऊंचा खंदक फोडण्याची घाई केली नाहीं. येणारें धान्य, येणारा पैसा आणि येणारें पत्र हीं तीन अडवलीं कीं खंदक आंतूनच फुटतो हें त्यास ठाऊक होतें.

अलीकडे संगणकशास्त्रज्ञ ज्यास सेवा-नकाराचा हल्ला म्हणतात त्याच्या अभ्यासाचें मोठें साहित्य झालें आहे. या हल्ल्यांत शत्रु कोठार लुटीत नाहीं, कुलूपहि फोडीत नाहीं. तो दारांत इतकी खोटी गर्दी करतो कीं खऱ्या गिऱ्हाइकास आंत जातां येत नाहीं. इ. स. २००० च्या फेब्रुवारींत कानडा देशांतील एका अल्पवयीन मुलानें अमेरिकेंतील बड्या कंपन्यांचीं संकेतस्थळें याच रीतीनें बंद पाडलीं, इ. स. २००७ मध्यें एस्टोनिया या लहानशा देशाच्या पेढ्या, वृत्तपत्रें व सरकारी कचेऱ्या कित्येक दिवस अशाच अडल्या. इंग्रजींत या हल्ल्यास जो शब्द आहे तोच शब्द मानसशास्त्रज्ञ मनाच्या नाकारण्यासहि लावतात. आपल्या भाषेंत नाकेबंदी व नाकारणें हे दोन वेगळे शब्द आहेत, व ते वेगळे असणें बरेंच आहे. तथापि पानिपताच्या प्रकरणीं एकांतून दुसरें कसें निघालें हें पाहण्यासारखें आहे.

नानासाहेब पेशवे त्या वेळीं कोठें होते? २७ डिसेंबर १७६० रोजीं, म्हणजे छावणींत उपास पडत असतां, गोदातीरीं पैठणास त्यांनीं दुसरें लग्न केलें. या गोष्टीवरून त्यांस पुष्कळ बोल लावण्यांत आला आहे. आम्ही त्यांचा बचाव मांडीत नाहीं. परंतु ज्याच्याकडे बातमीच येत नाहीं त्याचें वर्तन आणि बातमी येऊनहि जो ती मानीत नाहीं त्याचें वर्तन, हीं बाहेरून सारखींच दिसतात. पैठणच्या लग्नांत यांपैकीं कोणतें प्रमाण किती, याचा निवाडा त्या दोन महिन्यांत पेशव्यांस प्रत्यक्ष पोंचलेल्या पत्रांच्या तारखा एकत्र लावून पाहिल्याशिवाय करूं नये.

शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं युद्ध झालें. सरकारी जाळें नष्ट झालेलें होतें; बातमी आणली ती सावकारी जाळ्यानें. पानिपताहून नऊ दिवसांत औरंगाबाद गांठण्याचा करार केलेला एक कासीद पेशव्यांच्या लष्कराच्या वाटेंत सांपडला व त्याचें पत्र फोडण्यांत आलें. ग्रँट डफ ही भेट नर्मदेवर झाली असें लिहितो; पुढील अभ्यासक ती २४ जानेवारीस भेलशाजवळ झाली असें धरतात, आणि अंतर व दिवस यांचा मेळ पाहतां तेंच ग्राह्य दिसतें. पत्रांत युद्ध हा शब्दच नव्हता. दोन मोत्यें, सत्तावीस मोहरा आणि मोजदादीपलीकडला खुर्दा गेला, अशा सराफी भाषेंत तें होतें. हें पत्र शाळेंतल्या मुलांसहि ठाऊक आहे. परंतु त्यांतील एका मुद्द्याकडे आमच्या समजुतीप्रमाणें पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. मोत्यें दोन होतीं. म्हणजे विश्वासराव व भाऊसाहेब दोघेहि गेले हें दक्षिणेस आलेल्या पहिल्याच पत्रांत निःसंदिग्ध सांगितलें होतें. लिहिणारा पेढीवाला होता. त्यास कोणाची समजूत घालावयाची नव्हती, व चुकीच्या आंकड्यानें त्याचेंच नुकसान होणार होतें. संदिग्धता पुढें आली, ती अनेक पत्रें येऊं लागल्यावर. वांचलेल्यांच्या तोंडच्या हकीकती, उत्तरेच्या आवया, भाऊसाहेब अमक्याच्या आश्रयास आहेत, तमक्या वाटेनें गेले, अशीं वर्तमानें इतकीं आलीं कीं पहिलें खरें पत्र त्या गर्दींत दारांतच राहिलें. नाकेबंदी संपल्यावर ही दुसरी अडवणूक सुरू झाली, आणि ती कोणा शत्रूनें केलेली नव्हती.

नानासाहेब २३ जून १७६१ रोजीं पर्वतीवर वारले. त्यांच्यापुरता प्रश्न तेथें संपला. पार्वतीबाईंचा संपला नाहीं.

पार्वतीबाई या भाऊसाहेबांच्या पत्नी. त्या स्वतः पानिपतावर होत्या आणि जिवानिशीं सुटून आल्या. त्यांनीं वैधव्य स्वीकारलें नाहीं. पति दिसेनासा झाला आहे, गेलेला नाहीं, या निश्चयावर त्या बावीस वर्षें राहिल्या. इ. स. १७८३ मध्यें त्या वारल्या. त्या वेळीं उभयतांचें उत्तरकार्य एकत्र झाल्याचें सांगतात. नाटककार व कादंबरीकार यांनीं या गोष्टीवर इतकें पाणी शिंपलें आहे कीं मूळ प्रश्नच भिजून गेला. तो असा : त्या वेडाच्या भरीं होत्या, कीं त्यांच्याजवळ कांहीं आधार होता?

मानसशास्त्रांत या विषयाचा विचार शतकभर चाललेला आहे. फ्रॉइड यानें इ. स. १९२५ मध्यें नकारावर एक लहानसा निबंध लिहिला. त्याची कन्या अॅना हिनें इ. स. १९३६ मध्यें मन आपल्या बचावासाठीं ज्या युक्त्या योजतें त्यांत नाकारण्यास स्थान दिलें. एलिझाबेथ कुब्लर-रॉस या विदुषीनें इ. स. १९६९ मध्यें मरणोन्मुख रोग्यांशीं झालेल्या संभाषणांवरून पांच पायऱ्या सांगितल्या, त्यांत नाकारणें ही पहिली. या पायऱ्या सर्वांस त्याच क्रमानें लागू नाहींत असें पुढील अभ्यासकांचें म्हणणें आहे, व तें आम्हांस पटतें. परंतु आमच्या प्रकरणास सर्वांत जवळचें संशोधन पॉलिन बॉस या अमेरिकन विदुषीचें आहे. व्हिएतनामच्या युद्धांत बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करून तिनें असें दाखविलें कीं, ज्याचें प्रेत मिळालें नाहीं त्याच्या घरच्यांचा शोक इतरांसारखा चालतच नाहीं. तें मनाचें दुखणें नव्हे. मिळालेली माहितीच अर्धी असते, आणि अर्ध्या माहितीवर पूर्ण शोक करणें शहाण्या माणसासहि जमत नाहीं. आपल्याकडील धर्मशास्त्रानें हें फार पूर्वीं ओळखलें होतें, म्हणूनच बेपत्ता मनुष्यासाठीं कांहीं काळ वाट पाहून दर्भाची प्रतिमा दहन करण्याचा विधि त्यांत सांगितला आहे.

तर मग भाऊसाहेबांचें प्रेत मिळालें होतें काय? याबद्दल मुख्य साक्ष काशीराज पंडिताची. तो शुजाउद्दौल्याच्या पदरीं होता व लढाईच्या वेळीं तेथें हजर होता. त्यानें लिहिलें आहे कीं, युद्धानंतर शोध करितां एक शिरविरहित धड सांपडलें. अंगावरील खुणांवरून तें भाऊंचें असें ओळखण्यांत आलें. शिर मागाहून मिळालें, आणि संस्कार झाले. खुणांत एक पाठीवरचा वण होता, मुजफरखान गारद्यानें इ. स. १७५९ मध्यें भाऊंवर कट्यार चालविली त्या जखमेचा. हा तपशील कोणी रचून घालील असें वाटत नाहीं, म्हणून आम्ही काशीराजावर विश्वास ठेवतों. परंतु एक गोष्ट मोकळेपणें सांगितली पाहिजे. काशीराजानें फारसींत ही हकीकत इ. स. १७८० च्या सुमारास लिहिली, म्हणजे युद्धानंतर एकोणीस वर्षांनीं आणि तोतयाच्या देहांतानंतर चार वर्षांनीं. भाऊ खरोखर मेले कीं नाहीं हा प्रश्न तोंपर्यंत हिंदुस्थानभर गाजून गेलेला होता. लिहितांना त्याच्या कानावर तो नव्हता असें म्हणतां येत नाहीं. साक्षीदार खरा असूनहि त्याची साक्ष कोणत्या प्रश्नाच्या उत्तरादाखल दिली गेली हें पाहावें लागतें.

आणि पुण्यांत बसलेल्या पार्वतीबाईंच्या दृष्टीनें पाहिल्यास? धड परक्याच्या छावणींत ओळखलेलें, शिर वेगळें मिळालेलें, अग्नि दिला तो आपल्या माणसांच्या नजरेआड. जे परत आले त्यांतील प्रमुखांनींहि शेवट पाहिलेला नव्हता. नाना फडणीस हे त्या वेळीं जेमतेम एकोणीस वर्षांचे, भाऊंच्या बरोबर होते. स्वतःची आई त्यांनीं त्या धामधुमींत गमावली. परंतु त्यांच्या आत्मचरित्रांत भाऊंचा मृत्यु डोळ्यांनीं पाहिल्याची साक्ष नाहीं. आमच्या मतें पार्वतीबाईंच्या ‘नाहीं’ ला जेवढा आधार होता तेवढा त्यांच्या विरुद्ध पक्षास इ. स. १७६१ मध्यें नव्हता. त्यांचें अनुमान चुकीचें ठरलें. अनुमान करण्याची रीत चुकीची नव्हती.

जेथें घरच्यांचा शोक असा अर्धवट राहतो तेथें तोतया उभा राहतो. कनोजा ब्राह्मण सुखनिधान हा बुंदेलखंडाकडील. आपण भाऊसाहेब असें सांगत तो इ. स. १७६५ च्या सुमारास पुढें आला. माधवराव पेशव्यांनीं त्यास पकडून पुण्यास आणविलें, चौकशी केली, त्याचें सोंग उघड केलें, आणि जिवें न मारतां कैदेंत ठेविलें. एका किल्ल्यावरून दुसऱ्यावर होत होत तो अखेर रत्नागिरीस आला. त्यास त्याच वेळीं कां मारला नाहीं, हें कोडें पुष्कळांस पडलें आहे. आमचा तर्क असा कीं दरबारासहि आंतून पूर्ण खात्री नव्हती, आणि तो निघालाच भाऊ तर काय, या शंकेच्या एका कणानें त्याचा जीव अकरा वर्षें वांचविला. ब्रह्महत्येचें भय हें दुसरें कारण असेल. परंतु तें भय इ. स. १७७६ मध्यें आड आलें नाहीं, हें लक्षांत ठेवावें.

त्या सालाच्या आरंभीं रत्नागिरीचे सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनीं त्यास मोकळें केलें व त्याचा पक्ष घेतला. पुण्यांत नारायणरावांचा खून होऊन गेलेला, गादीवर तान्हें मूल, राघोबादादा इंग्रजांच्या गळ्यांत गळा घालून बसलेले. अशा वेळीं पानिपताचा सेनापति परत आला हें ऐकण्याची इच्छा कोणास नव्हती? ग्रँट डफ त्याच्या भोंवतीं वीस हजार लोक जमल्याचें सांगतो. कोंकणांतील किल्ले भराभर त्याच्या हातीं गेले. या वीस हजारांत किती फसलेले, किती पोटासाठीं आलेले, आणि किती खोटें आहे हें जाणूनहि खरें मानूं इच्छिणारे होते, याची गणती कोणी केली नाहीं. आमच्या मतें तिसऱ्या वर्गाचाच भरणा अधिक असावा. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनीं त्याच्या फौजेचा मोड केला; तो गलबतांत बसून मुंबईकडे निघाला, व वाटेंत कुलाब्याच्या रघोजी आंगऱ्यांच्या हातीं सांपडला. पुण्यास पुन्हां चौकशी होऊन डिसेंबर १७७६ मध्यें त्यास देहांत शासन झालें. हत्तीच्या पायीं दिलें असें ग्रँट डफ लिहितो. इतरत्र मोगरीनें डोकें फोडल्याचें येतें.

त्या दुसऱ्या चौकशीच्या वेळीं कारभार कोणाच्या हातीं होता? नाना फडणिसांच्या. ज्यानें भाऊंचा शेवट स्वतः पाहिला नव्हता त्याच मनुष्यावर, हा भाऊ नव्हे असें साऱ्या राज्यास पटवून देण्याची पाळी आली. अमुक मनुष्य सुखनिधान आहे हें साक्षीनें सिद्ध करतां येतें, व तेवढें झालें. भाऊ मेले हें मात्र त्या चौकशीनें सिद्ध झालें नाहीं; होणें शक्यच नव्हतें. पार्वतीबाईंनीं तोतयाच्या मृत्यूनंतरहि सात वर्षें कुंकू ठेविलें, यांत म्हणून कांहीं विसंगति नाहीं. न्यायसभेनें त्यांच्या प्रश्नास हातच घातला नव्हता.

हा प्रकार एकट्या महाराष्ट्राचा नव्हे. पोर्तुगालचा राजा सेबास्तियन ४ ऑगस्ट १५७८ रोजीं मोरोक्कोंत अल्कासर-किबीर येथें नाहींसा झाला. दोन वर्षांत त्याचें राज्य स्पेनच्या राजाकडे गेलें, गोवेंहि त्याबरोबर गेलें. आणि पुढें पंचवीस वर्षांत चार सेबास्तियन निघाले. शेवटचा व्हेनिसमध्यें प्रकट झाला व १६०३ मध्यें मारला गेला. येथेंहि नाहींशा झालेल्या पुरुषाच्या पाठोपाठ राज्य परक्याच्या छायेंत गेलेलें होतें. उलट बंगालमधील भवालच्या संन्याशाचें प्रकरण पाहावें. भवालचा कुमार १९०९ मध्यें दार्जिलिंगास मेला असें धरलें गेलें; १९२१ मध्यें एक संन्यासी डाक्यास आला; आणि प्रिव्ही कौन्सिलानें १९४६ मध्यें निकाल दिला तो त्या संन्याशाच्या बाजूनें. तोतया हा शब्द आपण निकालानंतर वापरतों, हें या उदाहरणामुळें विसरतां येत नाहीं.

हरियाणांत रोहतक जिल्ह्यांतील सांघी या गांवीं भाऊसाहेब युद्धानंतर येऊन राहिले व तेथेंच समाधिस्थ झाले अशी परंपरा आजहि सांगतात. आम्ही ती प्रमाण मानीत नाहीं. परंतु ती हंसण्यावारीं नेणाऱ्यांनीं काशीराजाची साक्ष कितपत तपासली आहे, असा उलट प्रश्न करण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं.

साखऱ्याचा रुमाल आम्हीं पुन्हां बांधून दिला. गांठ अर्थातच पूर्वींची राहिली नाहीं. औरंगाबादच्या सावकारांच्या वह्या किंवा कासीदांच्या मजुरीच्या नोंदी, शके १६८२ च्या माघापासून शके १६८३ च्या आषाढापर्यंतच्या, ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं कृपा करून कळवावें. पानिपताहून निघालेला तो एकच कासीद होता कीं त्याच्या मागें जोडीदार होता, आणि असल्यास त्याचें पत्र कोणत्या पेढीवर कोणत्या दिवशीं पोंचलें, हें त्यांतून निघण्याचा संभव आहे. आमचेकडे कांहीं नाहीं असें उत्तर आल्यास आम्ही दुसरे दिवशीं सकाळपर्यंत थांबूं.